घोड्यावर बसलेली शिलाई मशीन

जरा सावकाश ऐका. माझं हँडल आता एका दमात पूर्ण फिरत नाही, तसं माझं बोलणंही मध्येच अडेल. मी एक शिलाई मशीन. पायानं चालवायची नव्हे आणि विजेवरची तर नव्हेच. हातानं फिरवायची, काळी, बुटकी, लाकडी पाटावर बसवलेली. एके काळी माझ्या अंगावर सोनेरी वेलबुट्टी होती. आता एका पानाचा देठ तेवढा उरलाय.

शिलाई मशीन म्हटलं की तुम्हाला शिंप्याचं दुकान आठवत असेल. माझ्या बहुतेक बहिणींचं आयुष्य असंच एका खिडकीशी जातं. माझं तसं झालं नाही. मी घोड्यावर बसले आहे. एकदा-दोनदा नाही, दोन हंगाम, दर तिसऱ्या दिवशी. शिरूर आणि दौंड तालुक्यांतली इतकी शेतं मी पाहिली आहेत की एखाद्या तलाठ्यानंही पाहिली नसतील. पण मी हिंडायला गेले नव्हते, मी कामावर होते. काम आणि फिरणं एकदम करायचं म्हणजे काय, ते माझ्या सांध्यांना विचारा.

माझा जन्म उत्तरेकडच्या एका कारखान्यात झाला. गाव कोणतं ते मला ठाऊक नाही. आम्ही पुष्कळजणी एका ओळीत उभ्या होतो, एवढं आठवतं. मग गवत भरलेली पेटी, अंधार आणि आगगाडीचे हादरे. पेटी उघडली तेव्हा समोर शिरूरच्या बाजारपेठेतले संपत शिंपी उभे होते. त्यांनी माझ्या प्रत्येक भोकात तेलाचा एकेक थेंब सोडला, कान लावून माझा आवाज ऐकला आणि म्हणाले, "गोड हाय." त्यानंतर इतक्या प्रेमानं माझा आवाज कुणी ऐकला नाही.

त्यांच्याकडे मी शाळेच्या खाकी चड्ड्या शिवल्या, निळे फ्रॉक शिवले. माणसांची एक सवय मी तिथे पाहिली. सगळा मे महिना ती दुकानासमोरून नुसती ये-जा करतात आणि शाळा उघडायच्या आदल्या दिवशी कापड घेऊन पळत येतात. "उद्या शाळा हाय, आजच पायजे." संपतराव चिडायचे, पण शिवून द्यायचे. पुढे त्यांनी पायमशीन घेतली, मग मोटारीची घेतली. मी फळीवर गेले. माझ्यावर मापांच्या जुन्या वह्यांचा ढीग चढला. किती वर्षं गेली ते मोजलं नाही.

२००२ सालच्या जूनमध्ये एक बाई दुकानाच्या पायरीशी येऊन उभी राहिली. हिरवं लुगडं, पायात जाड वहाणा आणि काखेत एक कोकरू.

"मामा, मशीन द्यायची हाय म्हनं तुमाला?"

"द्यायची हाय. पन हातावरची हाय. चालंल का?"

"लाईट लागती का तिला?"

"लाईट न्हाई, टेबल न्हाई. ओट्यावर ठेवा, मांडीवर घ्या, घोड्यावर बसवा. कुठं बी चालती."

संपतराव थट्टेनं बोलले होते. बाई हसली नाही. "घोड्यावरच बसवायची हाय," ती म्हणाली आणि कोकरू खाली सोडलं. कोकरानं लगेच सुटाच्या कापडाचं टोक तोंडात धरलं. माझ्या बदल्यात ते कोकरू दुकानात राहिलं. सौदा कुणाच्या फायद्याचा झाला ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

त्या बाईचं नाव बानूबाई. शिरूर तालुक्यातल्या एका धनगरवाडीत तिचं पत्र्याचं घर होतं. पण त्या घरात ही माणसं पावसाळ्याचे चार महिनेच असत. दिवाळी झाली की बानूबाई, तिचा नवरा मल्हारी, दीर ज्ञानू आणि जाऊ धुरपदा मेंढरं घेऊन निघत आणि भीमा ओलांडून दौंडच्या कॅनॉलकाठच्या शेतांत उतरत. अशा फिरत्या मुक्कामाला ते वाडा म्हणतात. वाड्याला भिंती नसतात. चार काठ्या, मेंढरांभोवती लावायची वाघर म्हणजे जाळी, तीन दगडांची चूल, झाला वाडा. मेंढरं दोन रात्री एका शेतात बसवायची, त्यांच्या लेंडीखतानं रान ताकदवान होतं. शेतकरी त्याबद्दल धान्य देतो. मग वाडा पुढच्या शेतात.

बानूबाईंना मशीन का हवी होती, ते मला वाडीतल्या पहिल्याच संध्याकाळी कळलं. त्यांची मुलगी प्रगती सातवी झाली होती. वाडीतली शाळा तिथेच संपत होती. पुढचं शिकायचं तर शिरूरच्या वसतिगृहात राहायला हवं.

"मेंढरांवर तिचं भागायचं न्हाई," मल्हारी म्हणाले. "वाड्यावर येऊ दे. धुरपदाच्या हाताखाली व्हईल."

"माझ्या हातावर भागंल," बानूबाई म्हणाल्या आणि माझ्यावरचं फडकं ओढून काढलं.

मल्हारींनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. विकत आणलेल्या जनावराकडे पाहावं तसं. "बघ किती दिस भागतंय. ज्या दिशी न्हाई भागलं, त्या दिशी पोरगी वाड्यावर."

ते रागावून बोलले नव्हते. त्यांच्या बोलण्यात वाड्याची रीत होती. बानूबाईंनीही वाद घातला नाही. कोपऱ्यात बसलेल्या प्रगतीनं मात्र माझ्या हँडलला हात लावून पाहिला, अगदी हळू, आणि लगेच काढून घेतला. आपली शाळा या लोखंडाच्या तुकड्यावर उभी आहे, हे तिला समजलं असावं.

काम मिळवून दिलं सवितानं. यवतच्या पुढे भांडगाव आहे. तिथल्या सावळाराम आप्पांच्या रानात मल्हारींची मेंढरं दर वर्षी बसत. सविता त्यांची मुलगी. ती रांजणगावच्या एका फ्रिजच्या कंपनीत पॅकिंगला होती, रोज कंपनीच्या बसनं जायची. त्या कंपनीत माल उचलणाऱ्यांना पांढरे सुती हातमोजे लागत. आनंदराव नावाचे एक ठेकेदार कापलेलं कापड गावोगावच्या बायकांना देत आणि शिवून घेत. त्यांची अट एकच होती. काम घरी बसणाऱ्या बाईलाच मिळेल. ठावठिकाणा नसलेल्या माणसाला माल द्यायचा नाही.

सवितानं कागदावर वाडीतला पत्ता लिहिला.

"अगं, पन आमी दिवाळीनंतर तिथं नसतो."

"मावशी, घर तुमचंच हाय ना? मग पत्ता खोटा कुठंय?"

"पत्ता खरा हाय. आमीच नसतो."

"त्ये कुठं कागदावर लिवायचं असतंय?" सविता हसून म्हणाली.

पावसाळाभर आम्ही वाडीत बसून शिवलं. आनंदरावांना काम आवडलं. प्रगती शिरूरला गेली. दिवाळी झाली आणि एका सकाळी तांबडी घोडी दारात आणून उभी केली.

त्या घोडीबद्दल मी वाईट बोलणार नाही. तिचीही मान ओझ्यानं खाली गेलेली असे. आधी तिच्या पाठीवर घोंगड्या पडत, मग वाकळेत, म्हणजे जुन्या गोधडीत, गुंडाळलेली मी. मला दोरीनं करकचून बांधत. वर भांडी, वाघर, पिठाचं पोतं आणि सगळ्यांच्या वर कोंबड्यांची पाटी. बाजूच्या झोळीतून नवं कोकरू डोकं बाहेर काढून सगळीकडे बघत असे. त्याला सगळं नवं वाटायचं. मला दुसऱ्याच दिवसापासून सगळं सारखं वाटू लागलं. चढ, उतार, बांध, पाण्याची चारी, पुन्हा बांध. माझे स्क्रू एकेक करून सैल होत. एकदा एका कोंबडीनं माझ्या चाकाशी अंडं घातलं. बानूबाईंनी ते काढून घेतलं आणि चाक फिरवून पाहिलं.

नवी जागा आली की वरचं ओझं काढून सगळ्यांत आधी मला कामाला बसवत. एखादा दगड, एखाद्या विहिरीचा कठडा, नाहीतर नुसतीच सपाट जमीन. बानूबाई वाऱ्याकडे पाठ करून बसत. उजव्या हातानं मला फिरवायचं, डाव्या हातानं कापड सरकवायचं. हातमोजा म्हणजे सरळ शिवण नव्हे. पाच बोटांचे पाच डोंगर चढायचे आणि उतरायचे. अंगठ्याच्या बेचक्यात तर अर्धा अर्धा फेरा फिरावं लागे. शिवून झाला की बाभळीच्या गुळगुळीत काडीनं एकेक बोट उलटं करायचं. एवढ्यात कोकरं ओरडत. एवढ्यात चूल विझे. एवढ्यात धुरपदा हाक मारी, "जाऊबाई, पीठ कुठं ठिवलंय?" बानूबाई उठत, परत येत. परत आल्यावर कोणत्या बोटापर्यंत आलो होतो ते मी त्यांना सुई टोचून ठेवून दाखवत असे.

एकदा वावटळ आली आणि कापलेलं कापड उडालं. हाताच्या आकाराचे पांढरे तुकडे सगळ्या कांद्याच्या वाफ्यांवर पडले. जणू शेकडो माणसं जमिनीतून हात वर करून काहीतरी विचारत होती. बानूबाई आणि धुरपदा दुपारभर ते वेचत राहिल्या. वेचता वेचता धुरपदा म्हणाली, "कंपनीत एवढे हात हायत, तर एक-दोन आपल्याला द्यायला काय हुतंय?" दोघी मग खाली बसून इतक्या हसल्या की मल्हारी बांधावरून बघायला आले.

तेलाचं दुःख मला सांगितलंच पाहिजे. मशीनला मशीनचं तेल लागतं. वाड्यावर ते कुठलं? बानूबाई फोडणीच्या तेलातलं थोडं मला घालत. त्यांच्या दृष्टीनं ती माया होती. पण खाण्याचं तेल माझ्या पोटात चिकट होतं, धूळ धरून ठेवतं. माझा आवाज जड झाला. संपतराव असते तर त्यांनी कानावर हात ठेवले असते.

तयार माल पोचवायची युक्ती सविताची होती. वाडा आज इथे, परवा तिथे, तिला कसं कळणार? म्हणून बानूबाई हमरस्त्याच्या कडेला, मुक्कामापासून जवळच्या झाडाला तांबडी चिंधी बांधत. सविता बसच्या खिडकीतून चिंधी बघे आणि बस थांबवे. ड्रायव्हर पप्पू मोठा बोलका होता.

"काय मावशी, परवा यवतला हुता, आज भांडगावच्या अलीकडं. घर चाकावर हाय का काय तुमचं?"

"चाकावर न्हाई बाबा, खुरावर हाय."

"मग आमच्यापरीस बरं. डिझेल नको."

शिवलेला गठ्ठा वर जाई, कापलेला गठ्ठा खाली येई. बस निघून गेली की बानूबाई चिंधी सोडून कमरेला खोचत. मोजक्या क्षणांचं हे काम, पण त्यासाठी त्या कधी कधी तासभर रस्त्यावर उभ्या असत. ट्रक अंगावर धूळ उडवत जात. आणि तिकडे वाड्यावर मल्हारी चुलीजवळ बसून म्हणत, "ही वाड्यावर हाय का कंपनीत?"

एकदा त्यांनी ते तोंडावरच विचारलं.

"दोन्हीकडं," बानूबाई म्हणाल्या.

"दोन्हीकडं म्हंजी कुठंच न्हाई. भाकर करपली तवा तू हातमोज्यात हुतीस. काल कोकरू चारीत पडलं तवा बी हातमोज्यातच हुतीस."

ते खरं होतं. बानूबाईंनी मला जरा जोरात फिरवलं. मी त्यांच्या हाताचं वजन ओळखत असे. त्या दिवशी ते वजन नेहमीपेक्षा जास्त होतं.

पहिला हंगाम असा निभावला. दुसऱ्या हंगामात, २००४ च्या जानेवारीत, ती गोष्ट घडली. प्रगती तेव्हा नववीत होती.

झालं असं, की एका आठवड्यात बानूबाईंच्या गठ्ठ्यात दुसऱ्या कुणाचे तरी उसवलेले हातमोजे परत आले. आनंदरावांच्या शेडमध्ये सगळ्या गावांचा माल एकत्र होई. बानूबाईंचे चांगले हातमोजे कुणाच्या तरी नावावर गेले आणि कुणाचे तरी वाईट यांच्या नावावर आले. सविता म्हणाली, "मावशी, आनंदराव म्हनले, असं परत आलं तर काम बंद."

बानूबाई दिवसभर ते उसवलेले हातमोजे उलटेसुलटे करून बघत होत्या. संध्याकाळी भाकरी खाताना मल्हारींनी विचारलं, "काय झालं?" त्यांनी सांगितलं.

मल्हारींनी भाकरीचा घास गिळला. मग म्हणाले, "आगं, हे तर मेंढरांचंच झालं. दोन कळप पान्यावर मिसळले तर आपुन काय करतो?"

"खूण बघतो."

"मग? खूण कर की."

आणि ते स्वतः उठले. मेंढरांच्या पाठीवर खूण करायला गेरू असतो, तो त्यांनी डब्यातून काढला, पाण्यात कालवला, चांगला दाट केला. दोन हंगामांत मल्हारींनी माझ्या कामाला लावलेला तो पहिला हात. दुसऱ्या दिवशी बानूबाई शिवत गेल्या आणि मल्हारी माझ्याशेजारी मांडी घालून प्रत्येक हातमोज्याच्या मनगटापाशी बोटानं एकेक ठिपका देत गेले. ठिपका कसा गोल, नेमका. ज्ञानू म्हणाला, "दादा, आता ह्यास्नी पान्यावर बी घिऊन जा." मल्हारी हसले. "आता हजारात मिसळू दे, आपलं ते वळखू येईल." बानूबाईंच्या चेहऱ्यावर मी जे पाहिलं ते त्यापूर्वी पाहिलं नव्हतं. त्यांना कष्ट हलके वाटत होते.

मलाही ते शहाणपणाचं वाटलं. वाड्यावर कुणालाही तसंच वाटलं असतं.

पाचव्या दिवशी बस थांबली तेव्हा सविता आधी खाली उतरली. गठ्ठा तिच्या हातात होता. पप्पूनं त्या दिवशी थट्टा केली नाही.

"मावशी, हे काय केलंत तुम्ही? फ्रिजच्या पांढऱ्या दारांवर लाल बोटं उमटली. लाईन थांबली सगळी! घामानं रंग सुटला."

"रंग न्हाई गं. आमची खूण हाय ती."

"त्यांच्यालेखी डाग हाय. आन् आनंदराव वाडीत गेले हुते तुमाला गाठायला. घराला कुलूप. शेजारच्यांनी सांगितलं, ती मानसं दिवाळीपासून वाड्यावर हायत." सविताचा आवाज बारीक झाला. "मलाबी बोल बसले. काम बंद म्हनाले."

बस गेली. बानूबाई चिंधी सोडायची विसरल्या. ती पुढे दोन दिवस तिथेच फडफडत होती.

त्यांनी सगळे हातमोजे कॅनॉलवर नेऊन धुतले. साबण लावला, राख लावली. लाल ठिपक्याचा गुलाबी ठिपका झाला, पण गेला नाही. मल्हारी काठावर उभे होते. आपण कालवलेला गेरू किती पक्का आहे ते पाहत होते. मग म्हणाले, "मीच सांगितलं तुला."

"तुमी चांगल्यासाठी सांगितलं."

"आता पोरीचं..." ते एवढंच म्हणाले. करार त्यांचाच होता. ज्या दिवशी भागणार नाही, त्या दिवशी पोरगी वाड्यावर. पण ते वाक्य त्यांना पूर्ण करता येईना.

"मी आनंदरावांकडं जाऊन येते," बानूबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी त्या धुतलेल्या हातमोज्यांचा गठ्ठा घेऊन आणि मला वाकळेत गुंडाळून एस.टी.त चढल्या. मी त्यांच्या मांडीवर होते. कंडक्टर म्हणाला, "ह्या लेकराचं अर्धं तिकीट फाडू का?"

"लेकरू न्हाई, कामकरीन हाय. सुट्टीवर चाललीया," असं कुणीतरी मागून म्हणालं आणि गाडी हसली. बानूबाई खिडकीतून बाहेर पाहत होत्या. नदीचा पूल ओलांडताना त्यांनी माझ्यावर दोन्ही हात ठेवले.

आनंदराव वाईट माणूस नव्हते. त्यांच्या शेडमध्ये कापडाचे ढीग होते आणि फोन सारखा वाजत होता. बानूबाईंना पाहताच ते म्हणाले, "बाई, तुम्ही मला वाडीतल्या कुलपाशी उभं केलंत. एवढा माल घेऊन गेला असतात, तर मी तुम्हाला कुठं शोधायचं?"

"आमी कुनाचं काय घिऊन जात न्हाई सायेब. आमी आमचंच घिऊन जातो."

त्यांनी मला जमिनीवर ठेवलं, समोरच्या ढिगातले दोन तुकडे उचलले आणि तिथेच शिवायला बसल्या. मी तेव्हा जेवढं जमेल तेवढं नीट चालले. पोटातलं चिकट तेल, सैल स्क्रू, सगळं विसरून. पाच डोंगर चढले, उतरले. शेडमधल्या बायका गोळा झाल्या. आनंदरावांनी हातमोजा हातात घालून मूठ मिटली, उघडली.

"काम चांगलंच आहे," ते म्हणाले. "डागाचं मी कंपनीशी निस्तरतो. पण बाई, ह्यापुढं एका जागी बसणार असलात तर काम. फिरणार असलात तर नाही. मलाही वर उत्तर द्यावं लागतं."

"आन् मेंढरं?"

"ते तुमचं तुम्ही बघा."

बानूबाईंनी माझ्या चाकावर हात ठेवला होता. दोन हंगाम मी त्यांच्या तोंडून दर तिसऱ्या सकाळी "उठा" हा शब्द ऐकला होता. माणसांना, कोकरांना, घोडीला, मला. त्या दिवशी त्या वेगळाच शब्द बोलल्या.

"बसते," त्या म्हणाल्या.

डागाळलेले हातमोजे आनंदरावांनी परत दिले. ते वाड्यावर वाटले गेले. त्या वर्षी भांडगावच्या शिवारात पांढरे हातमोजे घालून बाभळीचे काटेरी डहाळे तोडणारे धनगर लोकांनी पाहिले. सावळाराम आप्पा म्हणाले, "मल्हारी, साहेब झालास की रं!" मल्हारींनी हात वर करून मनगटावरचा गुलाबी ठिपका दाखवला आणि फांदी ओढली.

मग मला घोडीवर शेवटचं चढवलं. या वेळी घोडीवर मी एकटीच होते, ना कोंबड्या, ना कोकरू. मल्हारी आम्हाला वाडीपर्यंत सोडायला आले. कुलूप काढलं, मला खिडकीजवळ ठेवलं, बानूबाईंसाठी पाणी भरून दिलं. जाताना म्हणाले, "धुरपदा भाकर करंल."

"करपवू नको म्हनावं तिला," बानूबाई म्हणाल्या.

तेव्हापासून चार हिवाळे, चार उन्हाळे आम्ही दोघी या पत्र्याखाली बसलो. वाडा दिवाळीनंतर निघे आणि मृगाच्या आसपास परते. तोवर बानूबाई एकट्या. पत्रा तापे, त्या शिवत. कधी कधी तिसऱ्या सकाळी त्या विनाकारण उठून भांडी गोळा करू लागत आणि मग मध्येच थांबून परत मांडत. मलाही नवल वाटे. घोडीवर मी रोज कुरकुर करत असे, आणि आता लांबून घुंगरांचा आवाज आला की माझी सुई आपोआप वर राहत असे. एका जागी बसूनही माणूस थकतं आणि मशीनही. हे मला आधी ठाऊक नव्हतं.

प्रगती दहावी झाली, बारावी झाली. आता डी.एड. करतेय. सुट्टीत आली की खरं मशीनचं तेल घेऊन येते आणि माझ्या पोटातला जुना चिकटपणा काडीनं खरवडून काढते. सगळा निघत नाही.

गेल्या उन्हाळ्यात आनंदरावांचा निरोप आला. कंपनीत आता मोठ्या यंत्रांवर विणलेले हातमोजे येतात. शिवलेले नको आहेत. बानूबाईंनी निरोप ऐकला, सुईतला दोरा काढला आणि तो बोटाला गुंडाळत बराच वेळ बसून राहिल्या.

आणि परवा, दिवाळी झाल्यावर, घोडी दारात आली. तांबडी नव्हे. ती गेली. ही तिची लेक. अंगणात मल्हारी मेंढरांना गेरूची खूण करत होते. काम संपवून ते दाराशी आले. त्यांच्या मिशा आता पांढऱ्या झाल्या आहेत.

"येतीस का?" त्यांनी विचारलं. चार वर्षं त्यांनी हे विचारलं नव्हतं, कारण उत्तर माहीत होतं.

बानूबाईंनी सुट्टीला आलेल्या प्रगतीकडे पाहिलं. प्रगती म्हणाली, "जा आई. आता माझं मी बघते."

बानूबाईंनी घोंगड्या काढल्या, भांडी काढली. कुणी सांगायच्या आधी झोळी खांद्याला अडकवली. मल्हारी आत आले आणि वाकळ घेऊन माझ्याकडे वळले. मला उचलायला ते वाकले तेव्हा त्यांच्या गुडघ्याचा आवाज आला. माझ्या हँडलसारखाच.

"ऱ्हाऊ द्या तिला," बानूबाई म्हणाल्या. "लई फिरली ती. बसू दे आता."

मग त्या बाहेर गेल्या. मला वाटलं, निघाल्या. पण त्या परत आल्या. त्यांच्या बोटाला ओला गेरू होता. माझ्या अंगावर जिथे त्या एका पानाचा देठ उरलाय, त्याच्या शेजारी त्यांनी बोट टेकवलं. एकच ठिपका, गोल, नेमका.

"मागं ऱ्हायली तरी आपल्यातलीच हाय," त्या मल्हारींना म्हणाल्या.

घुंगरं वाजत वाजत ओढ्यापलीकडे गेली. प्रगतीनं माझ्यावर फडकं टाकलं आणि ती शिरूरच्या गाडीला गेली. आता खोलीत मी एकटी आहे. मला कसली तक्रार नाही. मी दमलेय, एवढंच. उद्या कदाचित मी भंगारात जाईन, कदाचित एखाद्या परकरी पोरीच्या बाहुलीची झबली शिवीन. तुमच्यापैकी कुणाच्या हाती आले, तर धूळ पुसा, तेल घाला, हँडल अडत असेल तर मोकळं करा. तो तांबडा ठिपका मात्र घासून काढू नका. धुतल्यानं तो तसा जाणारही नाही, पण कुणी प्रयत्नसुद्धा करू नये अशी माझी इच्छा आहे. वाडा परतेल तेव्हा त्यांना मला ओळखता आलं पाहिजे.